जयंतीची दुखणी

सकाळी दहाच्या सुमाराला सरोजाबाई बाल्कनीत वाळत घातलेल्या ताकातल्या मिरच्या उलट्यापालट्या करत होत्या. सहज खाली नजर गेली तर समोरच्या बसस्टॉपवर त्यांची नणंद जयंती उभी होती. घरातून निघून तिला फार वेळ झाला नव्हता. तिनं इकडंतिकडं बघितलं, पर्सची चेन उघडली, आतून पिवळ्या दोऱ्यातली ताली काढली आणि गळ्यात घालून पदराखाली सारली. तमिळ बायका लग्नात गळ्यात बांधून घेतात ती ताली. मग बस आली आणि जयंती त्यात चढून निघून गेली.

सरोजाबाई मिरची हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. जयंती सहासष्ट वर्षांची होती आणि तिचं लग्न कधी झालंच नव्हतं.

अंबत्तूरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आता या दोघीच राहत होत्या. फ्लॅट घेतला होता तो सरोजाबाईंचे यजमान गिरीधरराव आणि त्यांची ही धाकटी बहीण, दोघांनी मिळून. गिरीधरराव पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगा श्रीवत्स बंगळूरला. जयंती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात हिशेबखात्यात होती. रिटायर झाल्यावर ती घरी बसली ती जणू काही भिंतीला टेकवून ठेवलेली खुर्ची. वाढलं ते खायची, सांगितलं ते करायची. सरोजाबाईंचं तसं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात गेलेली. फोन बंद आहे म्हणून सांगणारा माणूस अर्धं खोटं बोलतो आणि फोन चालू झाला म्हणून सांगणारा लाइनमन पूर्ण खोटं बोलतो, हे तिथं त्या शिकल्या आणि ते ज्ञान त्यांनी घरी आणलं. दूधवाला पाणी घालतो का, वॉचमन झोपतो का, वरच्या मजल्यावरचे लोक खरंच गावाला गेलेत का, याची त्यांना सदैव शंका. पण आजवर जयंतीवर शंका घ्यायची पाळी आली नव्हती. शंका घेण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच मुळी.

दुपारी जयंती परत आली तेव्हा तिचा गळा मोकळा होता.

"कोठं जाऊन आलीस?" सरोजाबाईंनी भात वाढता वाढता विचारलं.

"टी. नगरला. ब्लाऊजचं कापड बघायला."

"मिळालं?"

"रंग जमला नाही, वैनी."

टी. नगरच्या गर्दीत जाऊन आलेल्या माणसाची साडी अशी परीटघडीची राहत नाही, हे सरोजाबाईंनी पाहिलं आणि गप्प बसल्या. तक्रार विभागात हेही शिकायला मिळतं की समोरच्याला बोलू द्यावं.

त्यानंतर त्या लक्ष ठेवू लागल्या. जयंती आठवड्यातून दोनतीनदा बाहेर पडत होती, आणि प्रत्येक वेळी निराळी. एकदा कपाळाला मोठं कुंकू आणि केसांत मोगरा. एकदा कपाळ कोरं आणि अंगावर राखाडी साडी, जी तिनं भावाच्या तेराव्यानंतर कपाटाच्या तळाशी टाकली होती. एके दिवशी तर बसमधून उतरून घराकडं येताना ती चांगली लंगडत होती. सरोजाबाई काळजीनं दारापर्यंत धावल्या, तर जिन्यावरून जयंती तरतरीत चढून आली.

"पाय दुखतोय?"

"नाही बा. कां?"

आणि एके सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेरून त्यांनी जे ऐकलं ते ऐकून त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत बादलीत नळ सोडलेला होता आणि त्या आवाजाखाली जयंती तमिळमध्ये कुणाशी तरी बोलत होती. "माझ्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. त्यांना कळता कामा नये. कळलं तर मी कुठं जाऊ?" तेच वाक्य तिनं पुन्हा म्हटलं, जरा रडवेलं करून. पुन्हा एकदा, हळू. फोन तर बाहेर टेबलावर होता.

त्या दिवशी जयंती देवळात गेलेली असताना सरोजाबाईंनी तिची पर्स उघडली. तशी ती त्या अधूनमधून उघडत. पर्स नीट लावून ठेवायला म्हणून. आत ताली होतीच. शिवाय घोट्याला बांधायची लवचीक पट्टी, कुणाचा तरी जाड काचांचा चष्मा, आणि गोळ्या संपलेलं रिकामं पाकीट. गोळ्या कसल्या ते वाचायला सरोजाबाईंनी तो चष्मा लावून पाहिला तर सगळं धूसर दिसलं. त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं आणि बंगळूरला फोन लावला.

"श्रीवत्सा, तुझ्या आत्यानं लग्न केलंय."

"अम्मा, मी मीटिंगमधे आहे."

"पिवळी ताली आहे पर्समधे. आणि नवऱ्यापासून काहीतरी लपवते आहे. मला वाटतं तो वसंतराव."

हे वसंतराव म्हणजे बँकेतून रिटायर झालेले विधुर गृहस्थ. यांच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडं राहिलेल्या मराठी मंडळींच्या संघात दत्तजयंतीच्या जेवणाला ते जयंतीच्या शेजारच्या पानावर बसले होते आणि तिच्याशी सारखं काहीतरी बोलत होते. केस रंगवलेले. बोलणं मधाळ. सरोजाबाईंना ते तेव्हाच खटकले होते.

"अम्मा, आत्या सहासष्ट वर्षांची आहे. तिनं लग्न केलं असेल तर गिफ्ट काय द्यायचं तेवढं सांग," श्रीवत्स म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. फ्लॅट निम्मा जयंतीच्या नावावर. तो गोडबोल्या उद्या दारात येऊन उभा राहिला, तर? आणि लग्न नसेल, दुसरंच काही असेल, तर? गोळ्या कसल्या? नवरा नसताना नवऱ्यापासून लपवायचं ते काय? सरोजाबाईंना जेवण गोड लागेना. त्यांनी ठरवलं, जाऊन बघायचं.

पुढच्या वेळी जयंती कोऱ्या कपाळानं, राखाडी साडी नेसून निघाली, तशा सरोजाबाई मागच्या जिन्यानं उतरल्या. पदर डोक्यावरून घेतला, गिरीधररावांची जुनी काळी छत्री उघडून चेहऱ्यासमोर धरली आणि स्टॉपपासून जरा लांब, फळवाल्याच्या गाडीआड उभ्या राहिल्या. जयंती बसच्या पुढच्या दारानं चढली. सरोजाबाई मागच्या. आत कॉलेजच्या पोरांचा घोळका होता, त्यांच्या पाठीवरच्या पोतडीएवढ्या बॅगांमागं त्या सहज लपल्या. बस टी. नगरच्या उलट, पूनमल्लीच्या दिशेनं वळली तेव्हा तो खोटेपणा तिथल्या तिथं उघडा पडला. सरोजाबाईंना वाईट वाटायला हवं होतं. पण खिडकीतून गेलेला प्रत्येक स्टॉप त्या असा टिपत होत्या की गेल्या पाच वर्षांत एवढं निरखून त्यांनी काही पाहिलं नव्हतं. एकटीनं एवढ्या लांबच्या बसमध्ये त्या कधी बसल्या होत्या, तेही आठवेना.

जयंती उतरली ती एका मोठ्या मेडिकल कॉलेजच्या फाटकापाशी. सरोजाबाई पुढच्या स्टॉपला उतरून मागं चालत आल्या. फाटकाच्या आत कडुनिंबाखाली वसंतराव उभे होते. हातात डब्याची पिशवी. त्यांनी जयंतीला काहीतरी विचारलं, ती हसली, आणि दोघं बाजूच्या इमारतीत शिरली.

हॉस्पिटल. म्हणजे आजार. सरोजाबाईंच्या मनातली लग्नाची शंका एका क्षणात बाजूला पडली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली, ती जास्त वाईट होती. भावाचं हृदय कमकुवत होतं, बहिणीचंही असणार. आणि ही बया मला सोडून त्या परक्या माणसाला सांगते.

दारावरच्या गार्डनं हात आडवा केला. "कुणाकडं अम्मा?"

"आत्ता ती राखाडी साडीतली बाई गेली ना, तिचा चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नाही हो. पडेल बिचारी." सरोजाबाईंच्या तोंडून हे कसं निघालं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. वर त्यांनी स्वतःच्याच चष्म्याची डबी दाखवली. गार्डनं लगबगीनं पहिल्या मजल्याकडं बोट केलं.

वर लांब व्हरांडा होता आणि ओळीनं छोट्या खोल्या. पेशंटची गर्दी नाही, औषधांचा वास नाही. याचाही त्यांना संशय आला. हॉस्पिटल म्हणून एवढं निवांत असतं होय? तिसऱ्या खोलीच्या वरच्या झडपेतून जयंतीचा आवाज आला आणि त्या भिंतीला चिकटून थांबल्या.

"काय त्रास होतोय अम्मा?" एका तरुण मुलीचा आवाज तमिळमध्ये विचारत होता.

"झोप येत नाही," जयंती म्हणाली. पण तो जयंतीचा नेहमीचा मिळमिळीत आवाज नव्हता. करकरीत होता. "यजमान जाऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. उठून दाराची कडी बघते. पुन्हा येऊन पडते, पुन्हा वाटतं नीट लागली नाही."

"आणखी?"

"दूधवाला पाणी घालतो. वॉचमन झोपा काढतो. मुलगा फोनवर मीटिंगमधे आहे म्हणतो, ते खरं नसतं. घरात नणंद आहे. गरीब आहे स्वभावानं. पण तिची पर्स मी तपासते. तिला वाटतं मला माहीत नाही... म्हणजे, मला वाटतं तिला माहीत नाही."

सरोजाबाईंनी भिंतीवर हात टेकला. कुणी भर चौकात त्यांच्या डोक्यावरचा पदर ओढून काढला असता तरी त्यांना एवढं उघडं वाटलं नसतं.

"तुम्हांला भीती कसली वाटते अम्मा?" मुलीनं विचारलं.

जयंती म्हणाली, "चोरांची."

नाही, सरोजाबाई मनात म्हणाल्या. सगळं बरोबर सांगितलंस, हे तेवढं चुकलं.

आणि तेवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या कोटातली एक मध्यमवयीन बाई बाहेर आली, तिच्या मागं वही छातीशी धरलेली विद्यार्थिनी, आणि आत खुर्चीवर जयंती. तिनं वहिनीला पाहिलं आणि उभी राहिली. चेहरा पार उतरला.

"वैनी," ती म्हणाली.

खाली कँटीनमध्ये तिघी बसल्या. कॉफी आली ती कुणी प्यायली नाही. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टर विद्यालक्ष्मींनी शांतपणे सांगितलं. त्यांच्या वर्गातली मुलं खऱ्या पेशंटजवळ जायच्या आधी अशा खोट्या पेशंटशी बोलून शिकत. पेशंट काय लपवतो, काय बोलतो, कधी गप्प होतो. त्यासाठी बाहेरची वयस्क माणसं येत. वसंतराव दोन वर्षं येत होते. छातीतलं दुखणं त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. त्यांनीच जयंतीला आणलं. "आज संशयी स्वभावाच्या विधवा बाईची केस होती," डॉक्टर म्हणाल्या. "जयंतीअम्मांनी ती फार खरी केली."

"खरीच होती ती," सरोजाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोघींच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि वर्ग आहे म्हणून त्या उठून गेल्या.

"माझं सोंग काढलंस," सरोजाबाई मराठीत म्हणाल्या.

"मज दुसरी कोण विधवा एवढी जवळून माहीत आहे?" जयंतीनं कप फिरवत म्हटलं. "चूक झाली वैनी. नाव नाही घेतलं कुठं."

"आणि ताली?"

"ती नवऱ्यापासून गर्भाशयाचं दुखणं लपवणारी बाई. तीन आठवडे अधूनमधून तीच होते मी. वसंतराव नवरा. लंगडते ती वाताची. चष्मा मोतीबिंदूवालीचा, गोळ्यांचं पाकीट रक्तदाबवालीचं." जयंती बोलायला लागली तशी थांबेना. "मला सांगायचं होतं तुम्हांला. पण तुम्ही विचारलं असतं, कां जातेस? मज उत्तर येत नव्हतं. चाळीस वर्षं त्या कारखान्यात बसले, घरी बसले, कुणी म्हणून समोर बसून विचारलं नाही की बाई, तुला काय होतंय. इथं आले की विचारतात. मग मी सांगते. माझं काय सांगणार, माझं काही झालंच नाही कधी. म्हणून दुसऱ्या बायकांचं सांगते. कधी नवरा असतो, कधी पोरं असतात. एकदा मला दुबईत मुलगा होता. तो फोन करत नाही म्हणून इतकी रडले की ती पोरगी पण रडली."

सरोजाबाईंनी ऐकलं. त्या उठल्या आणि चालायला लागल्या. परतीच्या बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसून आल्या.

त्यानंतरचे काही दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. सरोजाबाईंचा राग उतरायला तयार नव्हता, आणि राग थकला तिथं नवीन शंकेनं तोंड वर काढलं. एवढं सगळं बाहेर सांगायचं म्हणजे काय? आज परक्या पोरीला सांगितलं, उद्या श्रीवत्सला सांगेल. वैनीचं डोकं ठिकाणावर नाही, डॉक्टरांनीच ऐकलंय. मग फ्लॅटच्या कागदावर सही कुणाची चालेल? असला विचार येताच त्यांना स्वतःची लाज वाटे, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा येई. जयंती मात्र पूर्वीसारखी भिंतीला टेकून बसली होती. बाहेर जाणं तिनं बंदच केलं. पर्स तिनं टेबलावर उघडी ठेवली होती, अगदी मधोमध. सरोजाबाईंनी ती एकदाच पाहिली. आत रुमाल आणि किल्ली एवढंच होतं. त्यांना त्या रिकामेपणाचं फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी त्या बाहेरची साडी नेसून आल्या. "चल," त्या म्हणाल्या.

"कोठं?"

"तुझ्या कॉलेजात. माझ्यामागं तिथं काय सांगतेस ते समोर बसून ऐकते."

जयंतीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि दोन मिनिटांत केस विंचरून आली.

डॉक्टर विद्यालक्ष्मी त्यांना पाहून चकित झाल्या नाहीत. त्यांनी सरोजाबाईंना सरळ विचारलं, "तुम्हीच बसता का आज खुर्चीत?"

सरोजाबाईंना लगेच वास आला. "मी कशाला? मला तपासायचंय का तुम्हांला?"

"नाही. आमचा एक विद्यार्थी आहे. हुशार आहे, पण पेशंटसमोर बसला की प्रश्नांची यादी वाचून दाखवल्यासारखा बोलतो. त्याला कुणीतरी उत्तर न देणारं हवंय."

"मी नाटक करणार नाही."

"करू नका."

खोली छोटी होती. जयंतीला बाहेर बसवलं होतं आणि डॉक्टर मागं कोपऱ्यात बसल्या होत्या. समोरचा मुलगा उंच, दाढी नुकतीच राखलेली, नाव अमोघ. त्याचं तमिळ ऐकून सरोजाबाईंच्या भुवया वर गेल्या. एकेक शब्द तो दगड उचलून ठेवल्यासारखा ठेवत होता. "अम्मा, भूक लागते? अम्मा, झोप लागते? अम्मा, दुखतं?" उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न. सरोजाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. हा मुलगा लक्ष देत नाहीये. याला कुणी पाठवलंय? हा खरंच डॉक्टर होणार आहे का? त्यांनी मान खिडकीकडं वळवली आणि स्वतःशीच, घरच्या मराठीत पुटपुटल्या, "या पोराला काय कळणार, मी कां उठून दार बघते ते."

मुलगा एकदम थांबला. "कुठलं दार, आजी?" त्यानं मराठीत विचारलं.

सरोजाबाईंनी मान झटक्यानं वळवली. आधी त्यांना हा कट वाटला. जयंतीनं सांगून ठेवलं असणार. "तुला कुणी शिकवलं हे बोलायला?"

"मी सोलापूरचा आहे," तो ओशाळून म्हणाला. "इथं दोन वर्षं झाली. मराठी ऐकली की... तुमची जरा वेगळी आहे. पण कळली."

"वेगळी म्हणजे?"

"जुनी. आमच्या पणजीसारखी."

मागं बसलेल्या डॉक्टरांना एक अक्षर कळत नसणार, हे सरोजाबाईंच्या लक्षात आलं. व्हरांड्यात जयंती होती, पण दार घट्ट लावलेलं होतं, झडपसुद्धा. अमोघनं हातातला कागद पालथा घातला आणि खुर्ची जरा पुढं ओढली. तो आता काही विचारत नव्हता. वाट बघत होता.

"चोर येईल म्हणून नाही बघत," सरोजाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतं चोरांसाठी. माझे यजमान सकाळी पेपर आणायला गेले. नेहमी जायचे. मी आंघोळीला गेले होते, बाहेर आले तर दार उघडंच होतं, म्हणून मी चिडले की हे कडी न लावता गेले. अंबत्तूर स्टेशनवर बाकावर बसले आणि तिथंच गेले. मला कुणीतरी परक्या माणसानं त्यांच्या फोनवरून फोन केला. मी त्याला म्हटलं, तू खोटं बोलतोस. फोन ठेवून दिला. त्यानं पुन्हा केला. पुन्हा म्हटलं, खोटं बोलतोस. बिचारा. तोच काय तो त्या दिवशी खरं बोलत होता."

अमोघनं मान हलवली.

"आता मी उठते आणि दार बघते ते आतून कडी आहे का म्हणून. आतून कडी असली म्हणजे घरातलं माणूस घरात आहे. मग नणंदेच्या चपला बघते. असल्या म्हणजे बरं वाटतं. पुन्हा पडते. पुन्हा वाटतं, मघाशी नीट बघितल्या का?" त्या थांबल्या. "तिची पर्स बघते तेही त्यासाठीच. कुठं जायची तयारी तर नाही ना. सगळ्यांवर लक्ष ठेवलं म्हणजे कुणी न सांगता जाणार नाही, असं वाटतं मला. वेडेपणा आहे. पण तो चोरांचा नाही."

"तुम्ही त्यांना सांगितलंय हे? नणंदेला?"

"तिला कशाला सांगू? ती म्हणेल, मी कुठं जातेय."

"मग ते चांगलंच की," अमोघ म्हणाला.

सरोजाबाईंनी नाक पदरानं पुसलं, त्याला तोंड वर करून पाहिलं आणि तमिळमध्ये, डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मुलगा बरा आहे. फक्त घाई करतो."

बाहेर जयंती बाकावर ताठ बसलेली होती. "काय सांगितलं तुम्ही?"

"गुडघे दुखतात म्हणून सांगितलं."

"एवढा वेळ गुडघे?"

"दोन आहेत," सरोजाबाई म्हणाल्या.

जयंतीनं त्यांच्या लाल झालेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी भाजी निवडताना सरोजाबाईंनी आपण होऊन विषय काढला. स्टेशनचा बाक, तो फोन, चपला, सगळं. तोंडानं बोलत होत्या आणि हातानं शेंगा मोडत होत्या, मान वर केली नाही. जयंती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी जाताना आता सांगून जाईन. खरं सांगून." नंतर जरा थांबून, "आणि चोर म्हटलं ते चुकलं माझं. मलाही पटलं नव्हतं म्हणताना."

सरोजाबाईंची उठून दार बघायची सवय एकदम गेली असं काही झालं नाही. पण त्या कॉलेजात जायला लागल्या. डॉक्टर विद्यालक्ष्मींनी त्यांना पेशंट कमी केलं आणि पेशंटची नातेवाईक जास्त. डॉक्टर सांगतील त्यातलं निम्मं न पटणारी सासू, औषधाच्या गोळीवर हरकत घेणारी बहीण, आधीचे रिपोर्ट कुणी बदलले म्हणून विचारणारी काकू. मुलं त्यांच्यासमोर घाम पुसत. अमोघचं तमिळ त्या सुधारत, आणि तो त्यांच्या मराठीला हसला की त्या त्याच्या मराठीला हसत. वसंतरावांबद्दल त्यांचं मत तेवढं बदललं नाही. या माणसाचं छातीतलं दुखणं इतकं हुबेहूब आहे की कधी खरं उठलं तर कुणाला कळायचं नाही, असं त्यांनी डॉक्टरांना गंभीरपणे सांगून ठेवलं. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात वसंतरावांची खरी तपासणी करून घेतली. सगळं ठीक निघालं. सरोजाबाईंना तो रिपोर्टही जरा संशयास्पदच वाटला.

एकदा परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसून पुढच्या आठवड्याच्या केसबद्दल बोलत होत्या. पासष्टीची बाई, शुगर फार वाढलेली, गोळ्या घेत नाही, सुनेला सांगते घेतल्या म्हणून. सून कोण होणार, सासू कोण होणार यावर त्यांचं ठरत नव्हतं.

"पण ती गोळ्या कां घेत नाही?" सरोजाबाई म्हणाल्या. "विसरते म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मला नाही पटत. विसरणारी बाई रिकामं पाकीट बरोबर कचऱ्यात टाकेल काय? ही खोटं बोलते आहे जयंती. गोळ्या मोजून कुठंतरी टाकते आहे."

"कां टाकेल?"

"सुनेनं आणून दिलेल्या आहेत. हिला वाटतंय, सून त्यात काहीतरी घालते."

"अय्यो. सून बरी आहे की."

"तुला कसं माहीत?"

जयंतीनं विचार केला. "मग हिला आधी सुनेशी बोलायला लावायला हवं. डॉक्टर काय करणार त्यात?"

पुढच्या सीटवरच्या बाई बराच वेळ कान देऊन बसल्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हती, पण शुगर, टॅब्लेट, डॉक्टर हे शब्द मात्र बरोबर कानात शिरले होते. त्या वळून काळजीच्या सुरात तमिळमध्ये म्हणाल्या, "घरात कुणाला फार आहे का अम्मा? आता कसं आहे त्यांचं?"

जयंती सरोजाबाईंकडं बघायला लागली. सरोजाबाईंनी त्या बाईला क्षणभर नीट निरखून घेतलं.

"काय सांगू," त्या म्हणाल्या, "ऐकतच नाही ती. तुम्हीच सांगा, तुमच्या सुनेनं दिलेली गोळी तुम्ही घ्याल का?"

त्या बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, अंग पूर्ण मागं वळवलं आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग त्या बोलायला लागल्या.